पलंगाच्या पायांखालचे डबे

‘नाही’वर बोट दाबून झालं होतं. पुढची फाईल उघडण्याआधी घोटभर चहा घ्यावा म्हणून मी उठले, पातेल्यात पाणी ओतलं, आणि गॅस पेटवता पेटवता हात तसाच राहिला. डबे. त्या पलंगाच्या पायांखाली डबे होते. तो फोटो मी चाळीस सेकंदही पाहिला नसेल, पण डोळ्यांनी मला न विचारता ते डबे उचलून आणले होते आणि आता ओट्यापाशी माझ्यासमोर मांडून ठेवले होते. नायगावच्या अठराव्या मजल्यावर, मे महिन्यातल्या अकरा वाजताच्या उन्हात, माझ्या कशाचाही वास नसलेल्या स्वयंपाकघरात मला एकदम सुक्या बोंबलांचा वास आला. खिडक्या बंद होत्या. मी गॅस न पेटवताच पुन्हा खुर्चीत येऊन बसले.

माझं काम सांगायला सोपं आहे, तरी ते कोणाला पटकन कळत नाही. माझा नवरा डेरिक बोटीवर असतो, तो त्याच्या मित्रांना सांगतो, बायको आफ्रिकेतल्या लोकांचे फोटो बघते. तसं पाहिलं तर खोटं नाही. परदेशातली एक संस्था मलावीतल्या खेड्यांमधल्या गरीब कुटुंबांना पैसे देते. शेळी नाही, बियाणं नाही, शिबिर नाही. थेट बाईच्या मोबाईलवर पैसे, दोन हप्त्यांत, आणि त्यांचं काय करायचं ते तिचं तिने ठरवायचं. पण देणाऱ्याचा हात कितीही मोकळा असला तरी डोळा मागे राहतोच. दोन हप्त्यांच्या मध्ये एक माणूस सायकलवरून त्या घरी जातो, फोटो काढतो, चार ओळी लिहितो, आणि ते सगळं गोखिवऱ्यातल्या एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसात येऊन पडतं. आठवड्यातून चार दिवस मी ते घरूनच बघते. मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: या कुटुंबाच्या उपजीविकेत बदल दिसतो का? होय लिहिलं तर दुसरा हप्ता जातो. नाही लिहिलं तर थांबतो, आणि तो सायकलवाला पुन्हा जाऊन येईपर्यंत चार-पाच महिने कुठे जातात कळत नाही. दिवसभराच्या फायली संध्याकाळी पाचला बंद होतात. मी रोज साठ घरांत डोकावते आणि चहासुद्धा मागत नाही, असं मी एकदा ऑफिसात म्हटलं होतं. सगळे हसले होते.

फोटोतल्या त्या पलंगवाल्या बाईचं नाव एस्नार्ट म्वाले. मोठ्या तळ्याकाठचं गाव, तीन मुलं, नवरा दुसऱ्याच्या होडीवर. जानेवारीतल्या पहिल्या फोटोत घरासमोर बांबूच्या काठ्यांचे लांब माचे होते आणि त्यांवर बोटभर लांबीची चंदेरी मासळी पसरलेली. आता मेच्या पहिल्या आठवड्यातल्या फोटोत माचे रिकामे. छप्पर गवताचंच. खोलीत नवीन काय, तर लोखंडी पलंग, त्यावर मोठमोठ्या लाल फुलांची चादर. सायकलवाल्याने लिहिलं होतं: ‘मासळी सुकवण्याचं काम बंद दिसतं. मिळालेल्या पैशातून पलंग घेतला. पुढे काय करणार विचारलं, तर म्हणाली, मी वाऱ्याची वाट बघतेय.’ त्याखाली मी सकाळी लिहिलं होतं: ‘साधन बंद. घरगुती चैन. उत्तर असंबद्ध.’ मला त्या ‘असंबद्ध’ शब्दाचा थोडा अभिमानही वाटला होता. आता मी फोटो मोठा करत गेले, इतका की फुलं फुटून त्यांचे लाल चौकोन झाले. पलंगाचे पुढचे दोन पाय दिसत होते. दोन्ही टोमॅटोच्या रसाच्या गंजक्या डब्यांत उभे होते, आणि डब्यांत काहीतरी राखाडी भरलेलं होतं. राखच असणार.

आमच्याकडे रॉकेल असायचं. पाण्यात दोन थेंब रॉकेल आणि पावडरीच्या दुधाचे चार डबे. पाचूबंदरच्या आमच्या घरात एकच पलंग होता, आणि मे महिना लागला की तो आमचा राहायचा नाही. आय त्यावरच्या गोधड्या उचलायची, खाली चटई, चटईवर जुनं गोणपाट, आणि त्यावर सुक्या बोंबलांच्या गोणी एकीवर एक निजवायची. हो, निजवायचीच, आमच्यापेक्षा जास्त मायेने. पायांखाली डबे लावायची, म्हणजे मुंगी चढणार नाही. वरून चादर, तीही लग्नात आलेली, ट्रंकेतली. आणि आम्ही सगळे खाली, जमिनीवर, ओळीने. पहिल्या पावसानंतर जमीन गार पडायची, पाठीला ओल लागायची, आणि वर बोंबील सुखात लोळत असायचे. मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा रडून विचारलं होतं, आये, आम्ही तुझी पोरं का ते? ती म्हणाली, “ते निजले तर तुमी जेवाल.” मला त्या वयात त्याचा फक्त रागच आला. शाळेत बाकावर माझ्या शेजारी बसणारी मुलगी बाक सोडून दूर सरकायची, तो राग होता तो. पुढे मी ठरवून तो वास धुवून काढला. केसांतून, कपड्यांतून, बोलण्यातून. इतका की आज सकाळी तो माझ्यासमोर फोटोत पसरला होता आणि मी त्याला चैन म्हणून मोकळी झाले.

अशा फोटोंशी माझी ओळख जुनी आहे खरं तर, फक्त तेव्हा मी दुसऱ्या बाजूला होते. माझ्या बापाची, सेबेस्टियनची, होडी खडकावर आपटून फुटली आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला, त्या वर्षी शहरातून चांगली माणसं टेम्पो घेऊन आली. चांगलीच होती, त्यात शंका नाही. त्यांनी आमच्या आळीत सहा घरांना शिलाई मशीन दिलं. माझ्या आयला सुईत दोरा ओवता यायचा नाही. जाळं विणता यायचं, बोंबील तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने वाळवणाच्या वलांडीवर, आडव्या बांबूंवर, टांगता यायचे, आकाशाकडे बघून संध्याकाळचा वारा सांगता यायचा; पण शिवण नाही. तिने मशीनवर स्वच्छ फडकं घालून ठेवलं. तीन महिन्यांनी ती माणसं फोटो काढायला आली तेव्हा आय मशीनसमोर बसली, पायडलवर पाय ठेवला, आणि मला म्हणाली, कापडाचं दुसरं टोक धर. मशीनमध्ये दोराच नव्हता. मी कापड धरून हसत उभी राहिले, कारण हसा म्हणाले होते. त्या फोटोखाली नक्की कोणीतरी ‘होय’ लिहिलं असणार. माझ्यासारखीच कोणीतरी, नेटकी, घाईत असलेली.

मथुराबाईंचा मात्र फोटो नाही. त्या निर्मळच्या वाडीतल्या, बाजारात सोनचाफा आणि केळी घेऊन बसायच्या, आणि नशिबाने आयची जागा त्यांच्या शेजारी आली होती. चाफ्याशेजारी बोंबील. गिऱ्हाईक फुलं घ्यायला वाकलं की नाक मुरडायचं, आणि मथुराबाई त्याच्यावर खेकसायच्या, देवाला चालतं, तुला चालत नाय होय? आय त्या वर्षी बोंबील अर्धवट वाळले की विकायची. दुसऱ्या दिवशीच, ओलसर असतानाच, मिळेल त्या भावाने, कारण संध्याकाळी तांदूळ लागायचे. व्यापारी हे ओळखून असायचा. अडला हरी, दुसरं काय. मथुराबाईंनी हे आठ-पंधरा दिवस पाहिलं असेल. मग एका दुपारी, बाजार उठताना, त्यांनी कनवटीचा नोटांचा पुडा सोडला आणि तसाच आयच्या टोपलीत टाकला. मी तिथे होते. आय म्हणाली, “कशाला?” त्या म्हणाल्या, “कशाला म्हनून तू इचारू नको, काय केलंस म्हनून मी इचारनार नाय.” बस, एवढंच. त्या पैशाने आयने नवीन काहीच घेतलं नाही. उलट तिने विकणं बंद केलं. वलांडीवरचे बोंबील ठणठणीत वाळेपर्यंत वाळू दिले, गोणीत भरले, पलंगावर निजवले, आणि ती थांबली. आषाढात, होड्या वर ओढलेल्या, ताजी मासळी नाही, भाजीला आग लागलेली, तेव्हा तिने गोणी उघडल्या. त्या वर्षी मी शाळा सोडणार होते, ती सोडली नाही. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई हात बांधून बसलीय. गरिबाकडे पैसा आला की तो पहिल्यांदा थांबायला शिकतो, आणि थांबलेला माणूस फोटोत रिकामा दिसतो.

मी वाऱ्याचंही शोधून काढलं. तिथे मेपासून दक्षिणेकडून असा वारा सुटतो की कित्येक दिवस होड्या तळ्यात जात नाहीत. ताजी मासळी नाही. म्हणजे आमचा पाऊस तो त्यांचा वारा. बाई अगदी नेमकं बोलली होती. असंबद्ध कोणी असेल तर ती मीच. तरीही चादरीखाली मासळी आहे हे मला दिसत नव्हतं, फक्त कळत होतं. मी आयला फोन लावला. तिचं बाप्तिस्म्याचं नाव कॅमिला, पण पाचूबंदरात तिला सगळे कमळीच म्हणतात. बाप गेल्यावर ती एकटी राहते, अडुसष्ट वर्षांची आहे, आणि अजून थोडे बोंबील सुकवते. ये म्हटलं तरी नायगावला येत नाही. म्हणते, वरती वारा खोटा लागतो.

“आये, एक विचारू? पलंगाच्या पायाखाली डबे कशाला लावायचे?”

एकदम सावध आवाजात ती म्हणाली, “कोन बोललं तुला?”

“कोणी नाही गं. कामासाठी विचारतेय.” मी तिला एस्नार्टचं सांगितलं, नाव नाही, नुसतं लांबची एक बाई, तळ्याकाठी राहणारी, मासळी सुकवणारी. ती ऐकत होती. मधेच तिने तिथली मासळी केवढी असते ते विचारलं, बोटाएवढी म्हटल्यावर “मग मांदेलीसारखी” असं स्वतःशीच म्हणाली.

“पण आये, डबे लावून माणसंही झोपत असतील ना पलंगावर?”

“चादर कशी हाय?”

“नवी. फुलाफुलांची. चारी बाजूंनी गच्च खोचलीय.”

“उशी?”

मी फोटो पाहिला. “उशी नाही.”

“मग मासळीच हाय. मानूस निजला तर चादर मधी खोल जाते, कडेला सुटते. आन नवी चादर मानसाला कोन घालतं?” मग तिने विचारलं, “पोरं किती?”

“तीन.”

“खालीच निजत असतील. तिला सांग बाय, धाकट्याला भिंतीकडं नको निजवू. ओल येते.”

“मला सांगता येत नाही आये. मी फक्त होय किंवा नाही लिहिते.”

“मग होय लिही,” ती म्हणाली, जणू एवढ्यासाठी फोन कशाला करायचा.

पण एकदा दाबलेलं ‘नाही’ माझं मला उलटवता येत नाही, ते फक्त परेशला येतं. परेश आमचा वरिष्ठ, वसईतच वाढलेला गुजराती मुलगा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, कामाला पक्का आणि मनाने वाईट नाही. मी फोन केला, तर तो म्हणाला, “शर्ली, सकाळी तू नाही टाकलंस, आता होय बोलतेस. ऊपर से मला विचारणार, बेसिस काय? फोटोत मासे कुठे आहेत?”

“चादरीखाली.”

“अरे यार, चादरीखाली काहीपण असू शकतं.”

“नवी चादर आहे, उशी नाही, पायाखाली राख भरलेले डबे आहेत. पलंग मासळीचा आहे, परेश. माणसं खाली झोपतात.”

तो म्हणाला, “हे तुला कसं माहीत, ते लिही. तुझ्या नावाने. मी पुढे पाठवतो. पण नीट लिही, तिकडे चार लोक वाचणार.”

बारा वर्षं मी या ऑफिसात आहे. मी वसईची, एवढंच सगळ्यांना माहीत. आणि वसईची म्हटल्यावर लोक वाडी, विहीर, केळी असं काहीतरी मनात रंगवतात, ते मी कधी पुसलं नाही. गेल्या वर्षी आयने पाठवलेलं सुक्या बोंबलांचं पुडकं मी खाली वॉचमनला देऊन टाकलं होतं, लिफ्टमध्ये वास राहील म्हणून. तिला सांगितलं, खूप छान होते. ती पुन्हा पाठवते म्हणाली. हे सगळं मला स्क्रीनवरच्या त्या रिकाम्या चौकोनासमोर बसल्यावर आठवलं आणि लाज वाटली. बोंबलांची नव्हे, पहिल्यांदाच, माझी. पाचला पंधरा मिनिटं असताना मी जे लिहिलं ते इंग्रजीत होतं, पण मनात ते असं होतं: ‘मी सुकी मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी आहे. आमच्या घरी पावसाळ्याआधी मासळी पलंगावर असायची आणि आम्ही जमिनीवर झोपायचो. या बाईने काम बंद केलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला घाईने विकावं लागलेलं नाही. ती वाऱ्याची वाट बघतेय, कारण वाऱ्यात भाव येतो. सकाळचं उत्तर माझ्या घाईचं होतं. बदल दिसतो: होय. पुढच्या वेळी जाणाऱ्याने तिला एवढंच विचारावं, की ती कुठे झोपते.’ शेवटचं वाक्य खोडावं का, असा विचार आला, पण पाच वाजत आले होते. चार मिनिटं उरली असताना परेशचा निरोप आला: ‘पाठवलं. होय झालं.’ आणि थोड्या वेळाने आणखी एक: ‘आमच्याकडे मासे चालत नाहीत. पण हे तू आधी सांगायला पाहिजे होतं.’ मी खिडक्या उघडल्या, खाडीकडच्या, दोन्ही. मग राहिलेला चहा केला.

चहा पिताना मला आयचा तो सावध आवाज आठवला. कोन बोललं तुला? तेव्हा माझं तिकडे लक्षच नव्हतं. गेल्या नाताळात मी तिला पलंग दिला होता, सागवानी, वर पाठीच्या डॉक्टरने सांगितलेली जाड गादी आणि नवी चादर. त्याआधी मिक्सर, त्याआधी तेलाशिवाय तळायचं यंत्र, ज्यात ती कांदे ठेवते. सगळ्या वस्तूच. रोख मी तिला कधी दिली नाही. दिली तर मासळीत घालेल आणि पुन्हा उन्हात उभी राहील, असं माझं म्हणणं. मीसुद्धा टेम्पो घेऊनच जात होते तिच्या दारात, आणि दर नाताळला फोटो काढत होते.

रविवारी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर मी न कळवता पाचूबंदरला गेले. आय दारातच उभी राहिली, चौकटीला दोन्हीकडून हात लावून. “आज अशी अचानक?” म्हणाली आणि बाजूला होईना. मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. सागवानी पलंगावर पाच गोणी निजल्या होत्या. गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी, तिला दोरी बांधलेली. गोणींवर मी दिलेली चादर, चारी बाजूंनी खोचलेली. पायांखाली डबे.

“तुझा पलंग चांगला हाय,” ती घाईने म्हणाली. “खालून हवा लागते.”

मला हसू आलं आणि रडूही. मी तिला मिठी मारली. तिच्या केसांना तो वास होता, आणि मी नाक बाजूला केलं नाही. आत बसल्यावर तिने सांगितलं, चंद्रहास उद्या टेम्पो घेऊन येतोय, गोणी नेणार. चंद्रहास म्हणजे ती कित्येक वर्षं ज्याला माल देते तो व्यापारी. मी म्हटलं, पाऊस तर अजून यायचाय, मग आत्ताच कशाला? ती चादरीची घडी सरळ करत राहिली. “लागतात गो पैसे,” एवढंच म्हणाली. तिने मला कधी मागितले नव्हते, आणि मी कधी विचारलं नव्हतं. मी पर्समधून पैशांचं पाकीट काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

“कशाला?”

“कशाला म्हनून तू इचारू नको,” मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला कितीतरी वर्षांनी ऐकू आला. “काय केलंस म्हनून मी इचारनार नाय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. पाकीट न उघडताच तिने कनवटीला लावलं. मग कोनाड्यातला फोन घेतला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला. “चंद्रहास, उद्या टेम्पो नको आनू. नाय, भावाचं नाय काय. मी थांबते.” पलीकडे तो काहीतरी बोलत होता. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हटलं, या वेळी सावकाश, शब्दाची चव घेत. “मी थांबते.”

जेवणानंतर तिने जमिनीवर चटई टाकली. म्हणाली, तुला वर निजायचं तर दोन गोणी सारते. मी नको म्हटलं. आम्ही शेजारीशेजारी आडव्या झालो. खालून पलंग खूप उंच वाटत होता, लहानपणी वाटायचा तसाच. एका डब्यात पाणी कमी झालं होतं, ते मी उठून भरलं.

“पाठ दुखत नाही खाली?” मी विचारलं.

“दुखते.”

“मग?”

“पावसापरयंत,” ती म्हणाली. आणि उशी एकच होती, ती तिने माझ्याकडे सरकवली.